दाराचा मान

रविवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी रावेतमधल्या एका सोसायटीत, सातव्या मजल्यावर, ज्योतीराम सुतार यांना त्यांच्या जावयासह भिंतीतून बाहेर काढण्यात आलं. दोघांची प्रकृती ठीक होती. बाहेर आल्या आल्या दोघांनीही चहा मागितला.

मात्र असं काही घडलंच नाही, असं दोन्ही घरांनी एकमतानं ठरवलेलं आहे. तेव्हा वरचा परिच्छेद आपण वाचलेलाच नाही असं धरू आणि गुरुवारपासून सुरुवात करू. गुरुवारी सगळी मंडळी भिंतीच्या बाहेरच होती. खरं तर भिंतच नव्हती.

गुरुवारी सुप्रियाला नोकरी लागली. दवाखान्यांच्या हेल्पलाइनवर, घरी बसून करायची. फोन घ्यायचा, पेशंटला कुठं दुखतंय ते विचारायचं आणि त्याप्रमाणे डॉक्टरची वेळ द्यायची. तीन वर्षांत सव्वीस अर्ज केल्यावर आलेला हा पहिला होकार होता. अट एकच होती: दार बंद होणारी स्वतंत्र खोली हवी. रविवारी पाच वाजता कंपनीची बाई व्हिडिओ कॉलवर खोली बघणार. खोली असेल तर सोमवारी सकाळी नऊला कामावर हजर. नसेल तर यादीतल्या पुढच्या मुलीला फोन.

सुप्रियाच्या घरात खोली एकच होती आणि तिच्यात नवरा झोपलेला असायचा. गोरक्ष चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. कंपनी पत्र्याचे पार्ट बनवायची आणि गोरक्ष ते नापास करायचा. तिसरी शिफ्ट असली की तो दिवसभर झोपायचा, पहिली असली की दुपारी झोपायचा आणि दुसरी असली की सकाळी. स्वयंपाकघरात मिक्सर होता. हॉलमध्ये बाल्कनीच्या दारापाशी गोरक्षच्या आई, गवराबाई, टीव्हीसमोर बसलेल्या असायच्या. टीव्हीतल्या सुनेला त्या मोठ्यानं सूचना द्यायच्या. घरातल्या सुनेला त्यांनी कधी एका शब्दानं दुखावलं नव्हतं, कारण सगळं तिकडंच निघून जायचं. त्यामुळे तो टीव्ही बंद करायला सुप्रिया कधीच तयार नव्हती.

हॉल मात्र लांबच लांब होता. बिल्डर रुंदी द्यायला विसरला होता आणि ती चूक त्यानं लांबीत भरून काढली होती. टोकाची बाल्कनी बेडरूमलाही जोडलेली होती. टोकाकडचे आठ-दहा फूट आडवी भिंत घालून तोडले की झाली खोली.

सुप्रियानं हे नवऱ्याला सांगितलं.

"तू टेन्शन घेऊ नको," गोरक्ष म्हणाला. "मी बघतो."

मग तिनं तळेगाव दाभाड्याला वडिलांना फोन लावला. ज्योतीराम चाळीस वर्षं सुतारकाम करत होते.

"तू कशाला काळजी करतीस?" ते म्हणाले. "मी बघतो."

दोघांनी 'मी बघतो' म्हटल्यावर काम निम्मं झालं, असं सुप्रियाला वाटलं. प्रत्यक्षात ते दुप्पट झालं होतं.

शनिवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन छोटे टेम्पो एकमेकांसमोर उभे राहिले. भोसरीहून आलेल्यात लोखंडी पट्ट्या चमकत होत्या. तळेगावहून आलेल्यात सागाच्या रिपा होत्या आणि त्यांच्यावर ज्योतीराम बसलेले होते.

"राम राम जावईबापू," ते खाली उतरत म्हणाले. "हे काय, पत्र्याची शेड मारताय का?"

"नाही मामा, सुप्रियाच्या खोलीची भिंत. जीआय चॅनल आहेत हे." गोरक्षनं टेम्पोकडं पाहिलं. "आणि तुमचं लाकूड कुणाकडं चाललंय?"

"सुप्रियाच्या खोलीच्या भिंतीला."

दोघांनी एकदमच लिफ्टचं बटण दाबलं. मग लिफ्ट आली.

"तुम्ही आधी, मामा. तुम्ही मोठे."

"छे, छे. जावयाच्या आधी माझं सामान? लोक काय म्हणतील?"

"नाही, तुम्हीच."

"तुमीच."

लिफ्ट चार वेळा रिकामी वर जाऊन आली. शेवटी दोघांनीही आपापला माल जिन्यानं सात मजले चढवला, म्हणजे कुणाचाच अपमान झाला नाही.

अशा भिंतीचं एक असतं. आत सांगाडा उभा करायचा, लाकडाचा किंवा लोखंडी चॅनलचा, आणि त्यावर जिप्समचे पांढरे बोर्ड मारायचे. बाहेरून दोन्ही भिंती अगदी सारख्या दिसतात. फरक काय तो आत, आणि आतलं कुणालाच दिसत नाही. म्हणूनच त्यावर इतका वेळ भांडता येतं.

"मामा, लाकडाला वाळवी लागते," गोरक्षनं सुरुवात केली.

"सागाला? आठ वर्षं माझ्या कारखान्यात सुकतंय हे. वाळवी येती, बघती आन् माघारी जाती."

"पावसाळ्यात फुगतं."

"फुगतं म्हंजे जित्तं हाय. तुमचं चॅनल बघा. दोन बोटांनी वाकतंय."

"ते एकटं वाकतं. सिस्टीममध्ये बसलं की नाही वाकत."

"बरं. आन् त्यात खिळा कुठं मारायचा? देवाचा फोटो काय चिकटपट्टीनं लावायचा?"

"फोटो कशाला, मामा? ऑफिस आहे ते."

"ऑफिसात देव नसतो? तरीच तुमाला रविवारी बोलावत्यात."

गवराबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. हे त्या फक्त जाहिराती लागल्यावर करायच्या.

"आरं, गोठ्याला कूड घालायला तुजा बा आर्धा दिस घ्यायचा," त्या म्हणाल्या. "तुराट्या उभ्या केल्या, शेणानं लिंपलं, झालं. म्हशीनं कदी इचारलं न्हाई आत काय हाय म्हून."

यावर दोघांनी आवाज वाढवला. जेवायच्या वेळेपर्यंत ज्योतीरामांनी चॅनलला 'पत्र्याची पेटी' म्हटलं होतं आणि गोरक्षनं सागाला 'जळण' म्हटलं होतं. ज्योतीरामांचा घास हातातच राहिला. हॉलमध्ये अजून एक चॅनलही उभं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात रंगराव होते. ते सोसायटीचे सेक्रेटरी. एका कंपनीच्या स्टोअरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेले आणि अजूनही प्रत्येक वस्तूकडं ती मोजून घ्यायची आहे अशा नजरेनं बघणारे.

"ड्रिलचा आवाज नाही, हातोड्याचा नाही," ते म्हणाले. "मग खालून तक्रार कशाची आली?"

"चर्चेची," सुप्रिया म्हणाली. "काका, आत या. तुम्हीच सांगा यांना. उद्या पाचला मला खोली पाहिजे. पत्र्याची करा, लाकडाची करा, गोणपाटाची करा. फक्त करा."

रंगरावांनी दोन्ही ढिगांभोवती फेरी मारली. चॅनल उचलून पाहिलं, लाकूड हुंगून पाहिलं.

"आमच्या स्टोअरला दोन पार्ट्यांचा माल आला की आम्ही भांडत बसत नव्हतो," ते म्हणाले. "ट्रायल घ्यायचो. दोन्ही भिंती उभ्या करा. उद्या चारला मी येतो आणि एकेकीला धक्का मारतो. हलेल ती काढायची, राहील ती ठेवायची."

"अहो काका, पण एकीचीच—"

"डन," गोरक्ष म्हणाला.

"मंजूर," ज्योतीराम म्हणाले.

दोघांनाही आपण जिंकणार याची इतकी खात्री होती की सुप्रियाचं वाक्य पूर्ण व्हायची कुणी वाट पाहिली नाही. काम करताना कोपरं लागू नयेत म्हणून दोन भिंतींमध्ये तीन फूट अंतर ठेवायचं ठरलं. हॉलच्या बाजूची गोरक्षची, बाल्कनीच्या बाजूची ज्योतीरामांची. गवराबाईंना उठवायचा एक प्रयत्न झाला. पण मालिकेतल्या सुनेचा त्या दिवशी साखरपुडा होता. त्या बाल्कनीकडंच राहिल्या.

रविवारी सकाळी चहा पिताना दोघांच्याही मनाला लागून राहिलं होतं. आपण जरा जास्तच बोललो. सासऱ्याच्या सागाला जळण म्हणणं काही बरं नव्हतं. जावयाच्या मालाला पेटी म्हणणंही बरं नव्हतं. दार कुणाच्या भिंतीत, हे ठरवायचं राहिलं होतं. दाराचा पल्ला तयार आणलेला होता आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभा होता. भिंतीत दाराची जागा आधीच सोडावी लागते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गोरक्षनं मनात ठरवलं, दाराचा मान मामांचा. सुतार माणूस आहे. दार त्यांच्याच भिंतीत शोभेल. आपण जागा सोडायची नाही.

ज्योतीरामांनी मनात ठरवलं, दाराचा मान जावयाचा. त्यांचं घर आहे. दार त्यांच्याच भिंतीत पाहिजे. आपण जागा सोडली तर म्हणतील सासरा अजून हट्टाला पेटलाय.

दोघांपैकी कुणीच हे बोलून दाखवलं नाही. मान सांगून दिला की तो मान राहत नाही, उपकार होतो. चहा संपला आणि दोघं मोठ्या प्रेमानं कामाला लागले.

काम मात्र बघण्यासारखं झालं. अकरापर्यंत दोन्ही सांगाडे उभे. गोरक्षनं कुणाकडून तरी लेझरचं यंत्र आणलं होतं आणि त्याची लाल रेघ भिंतभर पडलेली होती. ज्योतीरामांनी ओळंबा सोडला होता आणि तो हलायचा थांबेपर्यंत ते श्वास घेत नव्हते. गोरक्ष अधूनमधून स्वतःच्याच चॅनलला स्टीलची पट्टी लावून बघायचा. सवयीनं एक चॅनल त्यानं नापासही केलं.

"आता बोर्ड," तो म्हणाला. "मामा, आमच्या कंपनीत एक नियम आहे. मटेरियल माणसाजवळ पाहिजे. उठून जाणं म्हणजे वेस्टेज. सगळे बोर्ड, स्क्रू, मशीन, पाण्याची बाटली, सगळं या मधल्या जागेत आणून ठेवू. दोघांनी आतून बोर्ड मारायचे. बाहेर जायची गरजच नाही."

"झकास," ज्योतीराम म्हणाले. त्यांनाही ते बरं वाटलं, कारण मधे उभं राहिलं की जावई काय करतोय ते दिसणार होतं. गोरक्षनंही ते त्याच कारणासाठी सुचवलं होतं.

सगळं सामान दोन सांगाड्यांच्या मधे गेलं. फक्त ज्योतीरामांची जुनी अवजारांची पिशवी बाहेर राहिली. ती गोरक्षच्या यादीत नव्हती.

मग पहिला बोर्ड लागला. मग दुसरा. कुणी घाई करत नव्हतं, कुणी कुणाला टोमणा मारत नव्हतं. "मामा, जरा हा धरता का?" "धरतो की." "जावईबापू, तुमचा स्क्रू सांडला." "राहू दे, तुमच्या कामाला येईल." बाहेर स्वयंपाकघरात मटकीची उसळ करत असलेल्या सुप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन माणसं दोन दिवसांत किती जवळ आली. तिला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, पण आवाज येत होते. पुढं पुढं तर आवाजही बारीक येऊ लागले.

पावणेचारला शेवटचा स्क्रू बसला.

बरोबर चारला रंगराव आले. सोबत त्यांनी एक कोरा कागद आणला होता, वर 'ट्रायल अहवाल' लिहिलेला. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि गोरक्षच्या भिंतीला खांद्यानं धक्का दिला. भिंत जागची हलली नाही. आतून गोरक्ष पाठ लावून उभा होता. मग रंगराव बेडरूममधून बाल्कनीत, बाल्कनीतून गवराबाईंच्या बाजूला गेले, त्यांना नमस्कार केला आणि ज्योतीरामांच्या भिंतीला धक्का दिला. तीही हलली नाही. आतून ज्योतीराम पाठ लावून उभे होते.

"दोन्ही पास," रंगराव हॉलमध्ये परत येऊन म्हणाले. "दोन्ही ठेवा. या आता बाहेर, सही करा."

आतून दोन्ही भिंती चाचपल्याची खसखस ऐकू आली.

"मामा," मग गोरक्षचा आवाज आला, "तुमच्या भिंतीत दार कुठं आहे?"

"माझ्या? दार तुमच्या भिंतीत हाय ना?"

"माझ्या भिंतीत कसं असेल? मान तुमचा होता."

"आवो, मान तुमचा होता!"

रंगरावांनी अहवालाचा कागद उलटा केला आणि मागची कोरी बाजू बघत राहिले.

"अहो," सुप्रिया भिंतीला तोंड लावून म्हणाली, "एक तास राहिलाय. एक बोर्ड काढा आणि बाहेर या."

"मी नाही काढणार," गोरक्ष आतून म्हणाला. "पास झालेल्या मालाला हात लावायचा नसतो. लावला की पुन्हा इन्स्पेक्शन."

"अण्णा, मग तुम्ही काढा," ती वडिलांना म्हणाली.

"मी? माझ्या बापानं ठोकलेलं कदी काढलं न्हाय. जावईबापूंना म्हणू दे, 'मामा, माझी भिंत उघडा.' मी लगीच उघडतो."

"मामा, तुम्ही म्हणा. मी तुमची उघडतो."

"माझी कशाला? तुमचा मान हाय."

"तुमचा आहे."

"घ्या," सुप्रिया म्हणाली.

साडेचारला रंगरावांनी सोसायटीची विशेष सभा बोलावण्याची सूचना मांडली. तिला अनुमोदन मिळालं नाही. आत पाण्याची बाटली होती, त्यामुळे कुणाला घाईही नव्हती. गोरक्ष आत सासऱ्याला लेझरचं यंत्र कसं वापरतात ते शिकवत होता.

पाच वाजता फोन वाजला. पडद्यावर करिष्मा नावाची मुलगी होती, गळ्यात कंपनीचं कार्ड, मागे कंपनीची भिंत. तिथं दारही दिसत होतं.

"गुड इव्हनिंग मॅम. खोली दाखवता का?"

सुप्रियानं फोन पांढऱ्या भिंतीसमोर धरला. "ही."

"छान आहे. कोरी दिसतेय एकदम. आत जाऊन दाखवा ना."

"एक मिनिट."

"आत कोणी आहे का मॅम? कारण पॉलिसीप्रमाणं खोलीत फक्त तुम्ही पाहिजे."

"आहेत दोघं. निघतायत."

"कुठून?" करिष्मानं विचारलं.

सुप्रियानं फोन खिडकीच्या कट्ट्यावर नीट उभा केला. पदर खोचला, वडिलांची अवजारांची पिशवी ओढली आणि तिच्यातून बारीक टोकाची करवत काढली. लहानपणी परीक्षा संपल्या की तिला ज्योतीरामांच्या कारखान्यात बसवलं जायचं आणि बसून कंटाळा आला की ती कापत राहायची. तिनं काटकोन बघायचा गुण्या लावला, पेन्सिलनं रेघ ओढली आणि गोरक्षच्या भिंतीत करवत घातली. चॅनल चांगलं की साग चांगला, या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नव्हता. ती भिंत जवळ होती.

"मामा!" आतून गोरक्ष ओरडला. "माझी भिंत कापतायत!"

ज्योतीरामांनी बोर्डाला कान लावला. "मनगट ढिलं सोड, सुप्रिये," ते म्हणाले. "दाबू नको. करवत तिची ती जाती."

"हो अण्णा."

"रेघेच्या आत न्हाय, रेघेवर."

"रेघेवरच आहे."

"बघू," गोरक्ष म्हणाला. त्यानं आतून लेझर लावलं. लाल रेघ आणि करवतीचं पातं एकाच ओळीत खाली येत होतं. त्याच्या आयुष्यात इतकं सरळ काहीच आलं नव्हतं, आणि तो रोज सहाशे पार्ट तपासत होता.

"किती हाय फरक?" ज्योतीरामांनी विचारलं.

"शून्य," गोरक्ष हळूच म्हणाला. "मामा, शून्य आहे."

"पोरगी कुणाची हाय?"

"बायको माझी आहे."

यावर मात्र दोघांचंही समाधान झालं. पाच वाजून वीस मिनिटांनी बोर्डाचा उंच तुकडा अल्लद बाहेर आला आणि त्याच्या मागून दोन पांढरे पुरुष. जिप्समच्या भुकटीनं त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"चहा," दोघं म्हणाले.

करिष्मा एवढा वेळ पडद्यावर गाल धरून बसली होती. "मॅम," ती म्हणाली, "हे सगळं तुम्ही एकटीनं?"

"सुताराची मुलगी आहे," सुप्रिया म्हणाली. कपाळाचा घाम पुसून तिनं फोन उचलला आणि आत जाऊन खोली दाखवली. दोन पावलं टाकली की खोलीची रुंदी संपत होती.

"रुंदी जरा..." करिष्मानं बाजूला ठेवलेला कागद वाचला. वाचता वाचता तिचा चेहरा खुलला. "नाही. पॉलिसीत रुंदी लिहिलेलीच नाही. 'स्वतंत्र' आहे, 'दार बंद होणारी' आहे. रुंदी नाही. मग दार कधी लागेल?"

"आज सातपर्यंत," तिघं एकदम म्हणाले.

"लागलं की फोटो पाठवा. आणि मॅम, मी आता ही खोली बघितली आहे. पुढं काही पाडलं, हलवलं, तर पुन्हा तपासणी लागते. यादीत पुढं बऱ्याच जणी आहेत."

म्हणजे दोन्ही भिंती राहणार होत्या.

दार बसवताना शेवटचं संकट आलं. पल्ला अडीच फुटांचा होता आणि दोन चॅनलमध्ये जागा दोनच फुटांची. गोरक्षनं चार स्क्रू काढले, एक चॅनल अर्धा फूट सरकवलं, चार स्क्रू मारले. सगळं मिळून पाच मिनिटं. ज्योतीराम बघत राहिले. लाकूड असतं तर अर्धा दिवस कापाकापीत गेला असता. ते तसं म्हणाले नाहीत, पण "हं" म्हणाले.

मग बिजागरीचा स्क्रू पत्र्यात फिरत राहिला. फिरला, फिरला आणि बाहेर आला. पातळ पत्र्याला दाराचा भार कसला पेलवतोय? गोरक्षनं दुसरा स्क्रू घेतला. तोही फिरला. त्यानं सासऱ्याकडं पाहिलं.

ज्योतीरामांनी सागाची एक रीप उचलली आणि उभ्या चॅनलच्या पोकळीत सरकवली. वरपासून खालपर्यंत ती अशी बसली, जणू चॅनल तिच्यासाठीच वाकवलं होतं. रंधासुद्धा मारावा लागला नाही. स्क्रू लाकडात गेला आणि घट्ट झाला. दार लागलं. उघडलं. पुन्हा लागलं.

"बाहेरून पत्रा," ज्योतीराम म्हणाले.

"आतून साग," गोरक्ष म्हणाला.

"कुणाला दिसणार बी न्हाय."

"आपल्याला माहितीये ना, मामा."

सुप्रियानं पावणेसातला फोटो पाठवला. सात वाजता उत्तर आलं: 'अप्रूव्ह्ड'. गोरक्षनं ते वाचलं आणि सवयीनं कुठं सही करायची ते शोधू लागला.

सोमवारी नऊला सुप्रिया कामावर रुजू झाली. आधी खुर्ची आत न्यायची, मग स्वतः जायचं, मग टेबल ओढून घ्यायचं, असा क्रम होता. एकदा आत बसलं की कुणालाच आत येता येत नव्हतं. दोन्ही हात पसरले की एका तळहाताला सासर लागायचं आणि दुसऱ्याला माहेर, आणि दोन्ही गप्प. तिनं पहिला फोन घेतला. पलीकडच्या आजोबांनी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. सुप्रियाला इतका आनंद झाला की तिनं त्यांना सर्वात जवळची वेळ दिली.

पलीकडं गवराबाईंच्या वाट्याला टीव्ही, बाल्कनी आणि वाऱ्यासकट अख्खी खोली आली होती, जिच्याबद्दल मुळात कुणी काही ठरवलंच नव्हतं. चहा घेऊन कुणी बेडरूममधून बाल्कनी ओलांडून आलं की त्या म्हणायच्या, "या, बसा. लांबनं आलासा."

पहिला आठवडा सुखाचा गेला. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी ज्योतीराम तळेगावहून मोटारसायकलवर आले. "सहज," ते म्हणाले. मग ते आणि गोरक्ष भिंतीपाशी उभे राहिले आणि ज्योतीरामांनी बोटाच्या पेरानं बोर्डावर टकटक केलं.

"घट्ट हाय."

"बघू." गोरक्षनं टकटक केलं. "हो, घट्ट आहे. इथं?"

"हितं बी."

गुरुवारी ते पुन्हा आले. शनिवारी गोरक्षनं ऑफ घेतला आणि रंगरावांनाही बोलावलं. भिंत किती घट्ट आहे हे दर दोन दिवसांनी तपासल्याशिवाय दोघांनाही चैन पडेनासं झालं. दरवेळी ती तितकीच घट्ट निघायची आणि दरवेळी त्यांना तितकाच आनंद व्हायचा. आत सुप्रिया फोनवर म्हणायची, "हां सर, छातीत कुठल्या बाजूला धडधडतंय?" आणि पलीकडचा पेशंट घाबरून म्हणायचा, "मॅडम, माझ्यापेक्षा तुमच्याकडंच जास्त धडधडतंय."

दोघांना सांगून झालं, रागावून झालं, दारावर 'काम चालू आहे' असा कागद लावून झाला. कागद लावल्यावर तो नीट चिकटलाय का हे बघायला ज्योतीराम आणखी एकदा आले. शेवटी महिनाअखेरीस करिष्माचा मेल आला की कॉलमध्ये 'बांधकामासारखा आवाज' ऐकू येतो, पुढच्या वेळी नोंद होईल. त्याच संध्याकाळी सुप्रियानं एक अर्ज लिहिला आणि रंगरावांच्या हातात दिला. त्यांनी तो आवक वहीत नोंदवला, क्रमांक घातला, पोच दिली आणि कपाटात ठेवला. अर्ज असा:

प्रति,
मा. सेक्रेटरी साहेब,
सहकारी गृहरचना संस्था, रावेत.

विषय: पती व वडील यांची बदली होणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविते की, मी सदनिका क्र. ७०४ मधील तीन फूट रुंदीच्या खोलीत सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेत नोकरी करते. सदर खोलीच्या दोन्ही भिंती घट्ट आहेत. त्या घट्ट असल्याबाबत आजवर एकूण अकरा तपासण्या झाल्या असून प्रत्येक तपासणीत त्या घट्टच आढळल्या आहेत.

तरी माझे पती श्री. गोरक्ष व वडील श्री. ज्योतीराम यांची जनहितार्थ अन्य कोणत्याही सोसायटीत, शक्यतो दिघीच्या पलीकडे, किमान एक वर्षाकरिता बदली करण्यात यावी. बदली एकाच ठिकाणी व्हावी, कारण दोघांना वेगळे ठेवल्यास ते एकमेकांना फोन करतात आणि नंतर येऊन खात्री करतात. बदलीच्या ठिकाणी त्यांना टकटक करण्यासाठी एक भिंत उपलब्ध करून द्यावी. ती पत्र्याची असावी की लाकडाची, हे मात्र कृपया त्यांना विचारू नये.

रविवारी दोघांनाही जेवायला घरी सोडावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
सौ. सुप्रिया